अर्धं बॉनेट

"गाडी कोण पुसतं हो ही?" मी विचारलं, आणि भूपालमामानं माझ्या पायावर पाय दिला.

आम्ही मुलगी बघायला आलो होतो. सांगलीत, विश्रामबागेच्या मागच्या अंगाला बिरनाळ्यांचं बैठं घर. मी, आई आणि हे स्थळ आणणारा मामा. अंगणात मुलीचे वडील हात जोडून उभे, मागे दारात मुलीची आई. आणि त्यांच्या नि माझ्या मध्ये ती काळी गाडी. चैत्रातलं ऊन थेट बॉनेटवर आलेलं आणि त्या उन्हात, अरे देवा, काय काय दिसत होतं!

"मीच पुसतो," मुलीचे वडील म्हणाले. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. हायस्कुलात पीटीचे सर होते. निवृत्त झाले तरी छाती पुढं काढल्याशिवाय बोलत नसत. "रोज सकाळी, न चुकता. जुना बनियन, साबणाची पावडर, बादलीभर पाणी. रिटायर झालो तेव्हा हौसेनं घेतली. दुसऱ्या माणसाचा हात लागू दिला नाही आजवर."

"तरीच," मी म्हणालो.

मामानं आता पायावर सगळं वजन टाकलं.

मी सुकुमार मगदूम. तेव्हा पाटबंधारे खात्यात ज्युनियर इंजिनिअर होतो. आठवडाभर कालव्यांच्या गळत्या बघायच्या आणि रविवारी गाड्या. कुणाच्याही. मित्राच्या, साहेबांच्या, शेजारच्या डॉक्टरांच्या. धुवायचो, पॉलिशचं मशीन फिरवायचो, रंगावरचे ओरखडे काढायचो आणि आरशासारखी करून परत द्यायचो. एक पैसा घेत नव्हतो, त्यामुळे आईच्या लेखी हा छंद नव्हताच, आजार होता. "तिथं गेल्यावर गाड्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाहीस," असं तिनं निघताना दोनदा बजावलं होतं. मी तो उंबऱ्याबाहेरच काढून बसलो.

आत पोहे आले. बिनकांद्याचे; आमच्यासारखंच बिरनाळ्यांकडेही कांदा-लसूण नाही, दिवे लागायच्या आत जेवण, सगळं अगदी कडक. मुलीनं बशी पुढं केली ती डाव्या हातानं. "वैजू, उजवा," तिची आई पुटपुटली. वैजयंतीनं मुकाट्यानं हात बदलला, बशी माझ्या हातात दिली, समोर बसली आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"तरीच म्हणजे काय?"

"कुठं काय?" मामा घाईघाईनं म्हणाला. "सहज बोलला तो. आमच्या सुकुमारला कविता आवडतात."

मला कविता अजिबात आवडत नाहीत. आणि मुलीच्या डोळ्यांत खरंच कुतूहल होतं, असं कुणी मला विचारलेलंच नव्हतं कधी. मग काय, मी सुटलो. रंगावर एक पारदर्शक थर असतो, साधारण कागदाएवढा जाड. धूळ बसलेल्या गाडीवर कापड गोल गोल फिरवलं की ती धूळ त्या थरावर बारीक बारीक चरे पाडते. सावलीत दिसत नाहीत. तिरप्या उन्हात मात्र कोळ्याचं जाळं पसरल्यागत दिसतात. आणि काळ्या गाडीवर तर विचारूच नका.

"म्हणजे," वैजयंती सावकाश म्हणाली, "अण्णा इतकी वर्षं गाडी पुसत नव्हते. घासत होते."

आणि ती हसली. तोंडावर हात वगैरे न घेता, खळखळून. आईनं कपाळाला हात लावला. अण्णांच्या मिशा थरथरल्या.

"पुरावा?" अण्णा म्हणाले.

आता पुरावा माझ्या गाडीच्या डिकीत होता. मशीन, पॅड, पॉलिशच्या बाटल्या, सगळं सामान मी कायम बरोबरच ठेवायचो. मुलगी बघायला जातानाही. मामानं मला हातवारे करून थांबवायचा बराच प्रयत्न केला, पण तोवर अण्णांनी वायरीची गुंडाळी खिडकीतून बाहेर सोडली होती.

आमच्या धंद्यात, म्हणजे आमच्या छंदात, एक ठरलेली रीत आहे. गाडीवाल्याचा विश्वास बसावा म्हणून बॉनेटच्या बरोबर मधोमध कागदी चिकटपट्टी लावायची आणि पट्टीच्या एकाच बाजूला काम करायचं. मी नवा शर्ट काढून बनियनवर उभा राहिलो. बॉनेट नीट धुतलं. मग चिकणमातीसारखी एक वडी असते, ती फिरवून आत रुतलेली घाण काढली. मग मशीन. आई आणि वैजयंतीची आई सोप्यात बसून काय बोलत होत्या देव जाणे. वैजयंती मात्र पायरीवर बसून टक लावून बघत होती. काम झाल्यावर मी मऊ कापडानं पुसलं आणि चिकटपट्टी ओढून काढली.

अण्णा वाकले. डाव्या बाजूला त्यांना आपला चेहरा दिसला, मिशीच्या केसान् केसासकट. उजव्या बाजूला नुसताच एक करडा धुरळा.

एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकून त्यांनी परत परत बघितलं. मला वाटलं, संपलं. स्थळ गेलं.

"आणि हे उरलेलं अर्धं?" त्यांनी विचारलं. "हे आता कसं दिसतंय बघा! कुष्ठ झाल्यागत! अहो, सकाळपर्यंत माझी गाडी चांगली होती की हो!"

"पुढच्या रविवारी करून देतो," मी म्हणालो.

गाडीत बसल्यावर आई माझ्याशी बोललीच नाही. मामा बोलला. "मुलीशी चार शब्द बोलायला नेलं होतं तुला. तू बापाचं बॉनेट अर्धं करून आलास!"

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. आवाज कवायतीच्या मैदानावरचा.

"हे बघा, गाडी सगळी व्हायला पाहिजे. एक दार चकचकीत आणि एक मळकं असं मला चालणार नाही. आणि गाडी पुरी होईस्तोवर लग्नाचा विषय दोन्हीकडून बंद. उद्या लोकांनी म्हणायला नको, गाडी चमकवून दिली म्हणून बिरनाळ्यानं मुलगी दिली. ज्या दिवशी काम पुरं होईल, त्या दिवशी संध्याकाळी वैजू तोंडानं सांगेल, हो का नाही ते. मी तिला एका शब्दानं विचारणार नाही. तुम्हीपण विचारायचं नाही. कबूल?"

हा कुठला न्याय ते मला आजही समजलेलं नाही. पण पीटीच्या सरांशी वाद कोण घालणार? कबूल म्हणालो.

मग रविवार सुरू झाले. दुपारचं ऊन उतरलं की मी जायचो. गंमत अशी की रंगावरचे चरे नीट दिसतात ते संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, आणि नेमकं त्याच वेळी बिरनाळ्यांच्या घरात जेवणाची वेळ व्हायची. मी दाराला नाक लावून बसलेला असायचो आणि अण्णा पायरीवरून शाळेतली शिट्टी फुंकायचे. शिट्टी म्हणजे शिट्टी. मशीन बंद, हात धुवा, पानावर बसा. सूर्य बुडायच्या आत. त्यामुळे एका रविवारी एकच भाग व्हायचा. कधी मागचं दार, कधी पुढचा पत्रा.

अण्णा सुरुवातीला नुसते देखरेख करायचे. मग वायर धरायला लागले. मग एक दिवस म्हणाले, "बघू की ते मशीन." मी धरायला दिलं, तर त्यांनी ते असं घट्ट धरलं की जणू शाळेतलं वांड पोरगंच हाताला लागलंय. "अहो अण्णा, दाबू नका, नुसतं चालू द्या." "नुसतं चालू दिलं की पोरं डोक्यावर बसतात." पण शिकले हां. धुवायला दोन बादल्या घ्यायला लागले, एक साबणाची, एक कापड खळबळायची. जुना बनियन त्यांनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकला. टाकताना चेहरा अगदी पडला होता.

आणि वैजयंती. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. रविवारी अर्धा दिवस सुट्टी. ताक घेऊन यायची आणि पायरीवर बसायची. विषय बंद होता, त्यामुळे आम्ही बाकी सगळ्या विषयांवर बोलायचो. दुकानात येणारी माणसं, माझे कालवे, तिला आवडणारे भडंग, मला न आवडणारे साहेब.

"एवढं मरमर करून मिळतं काय तुम्हाला?" तिनं एकदा विचारलं.

"काही नाही. गाडी पहिल्या दिवशी जशी होती तशी दिसते, बस."

"आणि मालक परत बनियन घेऊन आला तर?"

"तर परत करायची."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला ती आवडली होती. कधीच. खोटं कशाला बोलू, सोमवारी कालव्यावर उभा राहून मी रविवारची वाट बघत असायचो.

त्याच्या पुढच्याच रविवारी गेलो, तर मागच्या डाव्या दारावर ओरखडे. आदल्या वेळेला मी आरसा करून सोडलेलं दार, आणि त्यावर हातभर जागेत रंग पांढुरका पडलेला. कुणीतरी काहीतरी खरखरीत घेऊन घासलं होतं.

"कुणी केलं हे?" अण्णा गरजले. शेजारच्या घराकडे बघून गरजले. मग गल्लीतल्या मांजराकडे बघून. "देवाशप्पथ सांगतो, मी नाही!"

मला राग आला होता, नाही कसं म्हणू? पण अण्णांचा चेहरा एवढा कासावीस झाला होता की मलाच त्यांची दया आली. "असू दे अण्णा," मी म्हणालो. "वायर द्या. परत करू." आणि दारापुढं फतकल मारून बसलो. वर बघितलं तर खिडकीतून वैजयंती माझ्याकडे बघत होती. ताक तिनं त्या दिवशी जरा जास्तच दिलं.

पुढं थोड्या दिवसांनी तेच. या वेळी पुढचं उजवं दार. मी जवळ जाऊन तिरप्या उन्हात नीट बघितलं. चरे कमानीसारखे होते. दारासमोर उभं राहून माणूस घासतो तेव्हा हात कोपरातून फिरतो, आणि उजव्या हाताच्या माणसाची कमान डावीकडे उतरते. ही उजवीकडे उतरत होती. दाराच्या फटीत हिरव्या घासणीचा एक बारीक तुकडा अडकला होता. भांडी घासायची असते ती.

"ताक," मागून आवाज आला. मी वळलो. पेला वैजयंतीच्या डाव्या हातात होता.

मी पेला घेतला आणि तसाच पायरीवर ठेवून दिला. एकच अर्थ दिसत होता. गाडी झाली की तिला उत्तर द्यायचं होतं. तिला गाडी व्हायला नको होती. म्हणजे उत्तर नाही असं होतं, आणि वडिलांसमोर, माझ्यासमोर ते म्हणायचा तिला संकोच वाटत होता. त्या दिवशी मी मुकाट्यानं दार केलं आणि जेवायला न थांबता आलो. अख्खा आठवडा माझं कशात लक्ष लागलं नाही. आईनं भाकरी वाढावी आणि मी तिच्याकडे नुसतं बघत बसावं.

"काय झालंय तुला?" आई म्हणाली.

"काही नाही. एका दाराचा विचार करतोय."

"दाराशीच लग्न लाव तुझं," आई म्हणाली.

शेवटच्या रविवारी फक्त मागचा पत्रा उरला होता. तो आटोपला की संध्याकाळी उत्तर. मी जड पायानं अंगणात शिरलो, आणि बघतो तर बॉनेट! ज्याच्यापासून सगळं सुरू झालं होतं, नेमकं तेच. चरेच चरे.

अण्णा देवळात गेले होते, काकू, म्हणजे वैजयंतीची आई, स्वयंपाकघरात. वैजयंती पायरीवर होती. मी ठरवलं, आता बस झालं.

"तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हणा," मी म्हणालो. "मी अण्णांना सांगेन की मलाच जमत नाही. तुमच्यावर काही येऊ देणार नाही. पण या रंगाचा जीव घेऊ नका. तो पारदर्शक थर असतो ना, तो दर वेळी थोडा झिजतो. त्या दोन दारांवर आता काही उरलेलं नाही. परत कुणी घासलं तर मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

ती लाल झाली. मग पायरीवरून उठून समोर आली.

"कधी कळलं?"

"उजव्या दाराला. तुमचा हात डावा आहे."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलणार? विषय बंद आहे."

ती हसली, पण या वेळी ओठांतल्या ओठांत. "ऐका. पोह्याच्या बशीसमोर सगळेच गोड असतात. मनापासून केलेलं काम कुणी मातीत घातलं की माणूस कसा वागतो, ते मला बघायचं होतं. म्हणून डावं दार. मी घासलं. वाटलं, आता हा आरडाओरडा करणार, अण्णांना बोलणार, निघून जाणार. तुम्ही म्हणालात, 'वायर द्या.'"

"आणि उजवं दार? तेही बघायलाच?"

"ते नाही," ती खाली बघत म्हणाली. "ते का, ते गाडी झाल्यावर सांगेन."

माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "आणि हे बॉनेट?"

"बॉनेट?" तिनं मान वर केली. "बॉनेटला मी हात नाही लावला. शप्पथ."

आम्ही दोघंही वाकलो. खरंच, या कमानी नव्हत्याच. ही गोल गोल वेटोळी होती, टपोरी, एकाला एक लागून. असली वेटोळी मी चांगली ओळखत होतो. सगळी गाडी भरून तीच तर काढली होती आतापर्यंत.

"अण्णा!" वैजयंती ओरडली.

अण्णा फाटकातच उभे होते, कपाळाला गंध, हातात चप्पल. आम्हाला बॉनेटवर वाकलेलं बघून त्यांनी चप्पल खाली ठेवली.

"बनियन तुम्ही कचऱ्यातनं परत काढला?" वैजयंतीनं विचारलं.

"धुऊन घेतला होता," अण्णा म्हणाले. पोरांना उठाबशा काढायला लावणारा माणूस, पण आवाज अगदी बारीक. "तुम्ही दोघं माझ्याकडे असं बघू नका. मी काय करणार होतो? आज गाडी पुरी होणार. वैजू हो म्हणाली, तर तुम्ही आमचे जावई. आमच्यात बोलणी पक्की झाली की लग्न होईस्तोवर मुलगा मुलीच्या घरची पायरी चढत नाही. आता चातुर्मास लागेल, म्हणजे लग्न थेट दिवाळीनंतर. आणि त्यानंतर आलात तरी पाटावर बसणार, गाडीखाली नाही. जावयाच्या हाती मशीन देऊन गल्लीत तोंड कुठं दाखवू? बरं, वैजू नाही म्हणाली, तर तुम्ही येणारच नाही." त्यांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं, गंधासकट. "हो म्हणाली काय नि नाही म्हणाली काय, माझा रविवार बुडालाच की!"

मग मी म्हणालो, "अण्णा, वायर द्या."

आम्ही दोघांनी मिळून ते बॉनेट केलं. अर्धं मी, अर्धं त्यांनी. दाबलं नाही, नुसतं चालू दिलं. मग मागचा पत्रा. ऊन तिरपं झालं, गल्लीच्या टोकाकडून सरळ अंगणात आलं आणि गाडी अशी काही उजळली की काकू पळी हातात घेऊन बाहेर आल्या. मी आणि अण्णांनी सगळीकडून फिरून बघितलं. कुठं म्हणजे कुठं चरा नव्हता.

अण्णांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि परत खाली घेतली.

"वैजू," ते म्हणाले. घसा खाकरला. "गाडी झाली. बोल आता. हो का नाही?"

वैजयंतीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती गाडीभोवती हळूहळू चालली. दोन्ही दारांवरून बोट फिरवलं. बॉनेटपाशी थांबली, वाकली, खूप वेळ बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली, "गाडी कुठं झालीय? इथं एक रेघ राहिलीय की."

"कुठं?" आम्ही दोघंही धावलो. मी तिच्या शेजारी वाकलो. रेघ नव्हती. त्या काळ्या रंगात मी होतो, ती होती, आणि ती हसत होती.

अण्णा वाकून वाकून शोधत होते. "कुठाय गं? मला तर दिसेना."

"मला दिसतेय," मी म्हणालो. "चांगली खोल आहे. एका रविवारात नाही निघायची."

"दिवाळीपर्यंत लागेल ना?" वैजयंती म्हणाली.

अण्णांच्या डोक्यात उजेड पडला तो आम्हाला त्यांच्या मिशांत दिसला. ते ताठ उभे राहिले. "म्हणजे गाडी झालेली नाही. गाडी झाली नाही, तर विषय बंद. विषय बंद, तर बोलणी पक्की नाहीत. आणि बोलणी पक्की नाहीत, तर पाव्हण्यांना रविवारी यायला कुणाची हरकत?"

"अहो, हो म्हणतेय ती!" काकू पळी नाचवत म्हणाल्या. "काय बापलेक आहेत! चला आधी पानावर, सूर्य बुडायला आलाय."

अण्णांनी शिट्टी फुंकली. अशी जोरात की गल्लीतलं ते मांजर भिंतीवरून खाली पडलं.

सगळा चातुर्मास मी रविवारी बिरनाळ्यांकडे जात होतो, आणि दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. आता आमची मुलगी कॉलेजला जाते. अण्णांची गाडी अजून त्याच अंगणात उभी असते. आम्ही गेलो की अण्णा मला पाटावर बसवतात, पोटभर खाऊ घालतात आणि मग हळूच वायर खिडकीतून बाहेर सोडतात.

"ती रेघ तेवढी राहिलीय हो," म्हणतात.

वैजूनं मला आजतागायत तोंडानं हो म्हटलेलं नाही.